जिथं नाणं पोचत नाही

नवरी पायऱ्यांपाशी येऊन थांबली होती, वाद्यं बारीक झाली होती, आणि बापाकांनी वाक्याच्या मधेच श्वास घेतला. एवढंच झालं. हॉलमधल्या शेकडो माणसांतल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही; लोक लुम्पिया खात होते, पंखे नीट फिरत नाहीत म्हणून कुरकुरत होते, नवरीच्या आईचे कानातले खरे की खोटे यावर बोलत होते. मी मात्र शेवटच्या रांगेत ताठ झाले. माझे वडील लग्नांत बोलतात, तोच त्यांचा धंदा. जावातल्या आमच्या सेमारांगात लग्न असलं की एक भारदस्त माणूस डोक्याला घट्ट पागोटं बांधून माइकपाशी उभा राहतो आणि नवरी कशी आली, कशी बसली, आईबापांपुढे कशी वाकली हे जुन्या, जड, दरबारी जावानीजमध्ये सांगत राहतो. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्यातलं निम्मं कळत नाही, पण तो माणूस नसला तर लग्न लागल्यासारखं कुणालाच वाटत नाही. तो माणूस म्हणजे बापाक. नवरीच्या प्रवेशाचं त्यांचं वाक्य फार लांब आहे, त्यात बाग येते, चंद्र येतो, चंद्र तळ्यात उतरतो, तळ्यातलं पाणी लाजतं, आणि हे सगळं एका दमात म्हणायचं असतं. लहान असताना मी टेबलाखाली बसून ते ऐकायचे आणि वाक्य संपेपर्यंत आपलाही श्वास धरून ठेवायचे. दर वेळी मीच आधी हरायचे. आज ते चंद्राशी येऊन थांबले. माइक किंचित बाजूला केला, खांदे वर गेले, खाली आले, आणि मग चंद्र तळ्यात उतरला. सभ्य माणूस ढेकर लपवतो तसा त्यांनी श्वास लपवला.

मला राग आला. काळजी नंतर आली, आधी रागच आला. कारण मी सांगत होते. गेले कितीतरी दिवस मी घरात ओरडून ओरडून सांगत होते, आणि घरातली माणसं माझ्याकडे शेजारचा रेडिओ लागला असावा तसं बघत होती. बापाकांना न्यूमोनिया झाला होता, साधा नव्हे. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं की जंतू फुफ्फुसात थांबलेले नाहीत, रक्तात उतरलेत, न्यूमोकॉकस त्यांचं नाव, आणि इंजेक्शनं बरेच दिवस घ्यावी लागतील. मी ते नाव तिथंच पाठ केलं. मला नावं पाठ होतात, मला सगळंच पाठ होतं. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे आणि आता सोमवारच्या झेंडावंदनाला माइक माझ्याच हातात असतो, त्यामुळे माझ्या बोलण्याला थोडी तरी किंमत आली असेल असं मला वाटत होतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला, बापाकांनी दोन वाट्या पेज खाल्ली आणि पँट मागितली. बसार महिना संपत आला होता. बसारमध्ये सगळं शहर लग्न करतं आणि त्यानंतरच्या सुरो महिन्यात कुणी लग्नाचं नावही काढत नाही, आणि त्या संपत आलेल्या महिन्यात बापाकांनी दोन लग्नांना शब्द दिला होता. डॉक्टर नको म्हणाले. नर्स नको म्हणाली. बापाक दोघांशी इतकं गोड, इतकं वाकून बोलले की शेवटी तेच लोक दिलगिरी व्यक्त करायला लागले. ते इंजेक्शनांऐवजी गोळ्या घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर घरी आले. कसली जबाबदारी? ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत त्याची.

आणि घरी बुदे मूर्ती होत्या. बुदे म्हणजे बापाकांची थोरली बहीण. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत राहतात, आणि घरात कुणी शिंकलं तरी त्यांना नाण्याची आठवण होते. मोठं जुनं नाणं, बामची डबी, आणि पालथा झोपवलेला माणूस. पाठीच्या मणक्यापासून बरगड्यांच्या दिशेनं खर्र खर्र रेघा ओढायच्या, माशाच्या काट्यांसारख्या, म्हणजे अंगात शिरलेला वारा बाहेर पडतो. रेघ लाल उठली तर वारा थोडा, जांभळी उठली तर वारा फार. मी एकदा विचारलं, "आणि काहीच उठलं नाही तर?" बुदे म्हणाल्या, "तर अजून जोरात ओढायची." पहिल्या लग्नानंतर बापाकांना संध्याकाळी कणकण यायला लागली, उशीचा अभ्रा घामानं ओला व्हायला लागला, आणि बुदे रोज त्यांची पाठ खरवडायला लागल्या. रेघा जांभळ्या उठायच्या. बुदेंच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं की जणू तो वारा त्यांना समोर दिसतोय. "बघ किती होता," त्या इबूंना म्हणायच्या, आणि इबू, म्हणजे माझी आई, जी बाजारात मासळीवाल्याला एका नजरेनं गप्प करते, ती मान हलवायची. सगळ्यात वाईट गोष्ट ही की बापाकांना त्यानंतर खरोखर झोप लागायची. मला माहीत आहे ती झोप. लहानपणी सर्दी झाली की मी स्वतः जाऊन बुदेंपुढे पालथी पडायचे. त्यांचा जाडजूड गरम हात मानेवर, बामचा डोळ्यांत जाणारा वास, पाठ जळते आहे आणि तरी बरं वाटतंय, आणि बुदे वर काहीतरी पुटपुटताहेत, बहुतेक शेजारणीची निंदा. जगात कुणी आपली एवढी काळजी घेत नाही असं त्या वेळी वाटायचं. म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही. शिवाय मोठ्या माणसांशी ज्या भाषेत बोलायचं असतं ती भांडायला फार वाईट आहे. रागानं तोंड उघडावं तर आधी 'क्षमा असावी' बाहेर पडतं आणि तोवर राग थंड होतो. माझा होत नाही, ही वेगळी गोष्ट.

दुसरं लग्न, म्हणजे आजचं, संपल्यावर मी स्कूटर चालवली आणि बापाक मागे बसले. एरवी ते मला चालवू देत नाहीत. आज त्यांनी आपण होऊन किल्ली दिली, आणि त्याचाच मला पुन्हा राग आला. पुलावर गर्दी होती, खाडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, लोक चपला हातात घेऊन चालत होते. त्यांचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं. पागोट्याची कड मला टोचत होती आणि मी विचार करत होते की हाच माणूस मघाशी पाचशे लोकांना चंद्र तळ्यात उतरवून दाखवत होता, आणि हाच माणूस, कसं वाटतंय विचारलं की, "ठीक," एवढंच म्हणतो. दुसऱ्यांच्या पोरींसाठी शब्दांची एवढी रास आणि स्वतःसाठी एक शब्द. मी ओरडून विचारलं, "दम लागला ना तुम्हाला?" ते म्हणाले, "माइक खराब होता." मी म्हटलं, "माइकला दम लागला?" ते हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि खोकताना त्यांनी माझा खांदा धरला, आणि तो हात एवढा गरम होता की शर्टातून पोचला.

घरी आल्यावर त्यांचे कपडे उतरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण इबू पाण्यानं भरलेलं मागचं अंगण झाडत होत्या. लग्नाचा तो पोशाख एकट्यानं काढता येत नाही, कमरेला एवढे पट्टे गुंडाळलेले असतात. मी खाली बसून त्यांच्या चपला काढल्या. आणि मला ते दिसलं. तळपायांवर बारीक लाल ठिपके होते, कुणी टोकदार लाल पेननं टिंबं दिल्यासारखे. दाबले तर जात नव्हते. मग मी हात ओढून नखं बघितली. दोन नखांखाली लाकडाचं कुसळ रुतावं तशा तपकिरी रेघा. खालची पापणी ओढली, तर आतही ठिपका. बापाक म्हणाले, "नोक, हे काय चाललंय, मी घोडा आहे का?" आमच्याकडे पोरींना नोक म्हणतात. मी म्हटलं, "गप्प बसा," आणि मग लगेच, "क्षमा असावी."

बुदे नाणं आणि बाम घेऊन आल्याच. आदल्याच आठवड्यात बापाकांना वस्तीतल्या दवाखान्यात नेलं होतं तेव्हा तिथल्या बाईंनी पाठ बघितली, छाती बघितली, आणि लाल लाल दिसलं ते सगळं खरवडण्याचं आहे म्हणून तापाच्या गोळ्या देऊन परत पाठवलं होतं. खरंच होतं ते. पाठीवर, मानेवर, छातीवर बुदेंनी एक इंच जागा सोडली नव्हती, त्यात कोण काय ओळखणार? पण तळपायाला नाणं लागलेलं नव्हतं. मी बुदेंना पाय दाखवला.

"डास," बुदे म्हणाल्या.

"डास तळपायाला चावतात?"

"आमच्या अंगणातले चावतात. पाणी बघितलंस का किती आलंय."

"आणि नखाखाली? आणि डोळ्यात? डास पापणी उचलून आत गेला?"

"वेनिंग," दारातून इबू म्हणाल्या. माझं पूर्ण नाव घेतलं म्हणजे पुरे असा अर्थ.

"छातीत बसलाय वारा," बुदे शांतपणे बामची डबी उघडत म्हणाल्या. "बसलेला वारा लवकर निघत नाही. तू शाळेत माइकवर बोलतेस ते छान बोलतेस, मी सगळ्यांना सांगते. पण माइक हातात आला म्हणून माणूस डॉक्टर होत नाही."

इथे मला रडूच आलं असतं, इतका वैताग. माझं म्हणणं बरोबर आहे हे मला माहीत होतं, काय आहे ते माहीत नव्हतं. म्हणजे मी बरोबर होते आणि अडाणी होते, दोन्ही एकदम, आणि समोर तीन मोठी माणसं होती जी मला जन्मापासून ओळखत होती, आणि जन्मापासून ओळखणाऱ्या माणसांना तुम्ही कितीही मोठे झालात तरी तुमचं शेंबडं नाकच दिसत राहतं. बापाक मुकाट्यानं पालथे व्हायला लागले. पालथं होताना त्यांनी हात टेकून मधे विश्रांती घेतली. साधं पालथं होताना. मी बघत होते, बुदे डबीत बोट घालत होत्या, इबूंचा झाडू थांबला होता; आणि मला वाटलं की आपण सगळे एका संथ पाण्यात उभे आहोत आणि ते घोट्यापासून वर येतंय आणि सगळे म्हणताहेत की हे नेहमीचंच आहे, उद्या उतरेल.

मी म्हटलं, "बापाक, नवरीचं वाक्य म्हणा."

"काय?"

"मघाचं. बागेपासून पाणी लाजेपर्यंत. एका दमात. ते झालं तर मी तोंड बंद ठेवीन. सुरोभर ठेवीन."

"हिला काय झालंय?" बुदे म्हणाल्या. पण बापाक उठून बसले. धंद्याच्या बाबतीत त्यांना कुणी आव्हान दिलेलं चालत नाही. इतर कशानंही ते चिडत नाहीत. त्यांनी अंगरखा नसतानाही अंगरखा सारखा केल्यासारखं केलं, मान वर घेतली आणि सुरू केलं. बाग आली. फुलं आली. आवाज तोच होता, खोल, तेल लावल्यासारखा. चंद्र आला आणि त्यांनी श्वास घेतला. थांबले. डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी ते चंद्रापर्यंतही पोचले नाहीत. फुलांपाशीच छाती भात्यासारखी हलायला लागली. त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. माझा सगळा राग त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही. मला वाटत होतं, म्हणा, म्हणून टाका, मला खोटं पाडा. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. घरात दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज ऐकावा तसे ते स्वतःकडे कान देऊन बसले होते. मग ते म्हणाले, "माझं हेल्मेट कुठंय?" बुदेंचं बोट बाममध्येच राहिलं.

इस्पितळ तेच, डॉक्टर वेगळ्या. डॉक्टर प्रमेस्ती वयानं माझ्या मावशीएवढ्या, केस घट्ट बांधलेले, आणि इतक्या भराभर बोलणाऱ्या की मला लगेच आवडल्या. त्यांनी पाठीवरच्या रेघा बघितल्या. "माझी आजीही हेच करते," एवढंच त्या पुटपुटल्या. मग पाय बघितले, नखं बघितली, छातीला नळी लावून फार वेळ ऐकत राहिल्या, आणि एकदम त्यांचं भराभर बोलणं थांबलं. पोटावरचा जुना व्रण बघून त्यांनी विचारलं हा कशाचा. इबू म्हणाल्या, लग्नानंतर लगेच मोटारसायकलचा अपघात झाला होता, प्लीहा फुटली होती म्हणून काढली. "मग लस?" डॉक्टरांनी विचारलं. इबूंनी बापाकांकडे बघितलं, बापाकांनी इबूंकडे. "कसली लस?" इबू म्हणाल्या. "त्या वेळी सांगितलं होतं, सगळं खाल्लं तरी चालेल." डॉक्टरांनी डोळे मिटून उघडले. प्लीहा नसलेल्या माणसाला हे जंतू फार लवकर गाठतात, त्यांनी सांगितलं, म्हणून आधीच लस टोचून ठेवायची असते. सोळा-सतरा वर्षं आम्ही दारातून आत-बाहेर करत होतो आणि दाराला कडीच नव्हती. याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

पडद्यावर मी बापाकांचं हृदय बघितलं. काळ्यात करडं, सारखं उघडमीट करणारं. एका झडपेच्या टोकाला काहीतरी लोंबत होतं, ओल्या कापसाचा बोळा लोंबावा तसं, आणि दर ठोक्याला ते वर उडायचं, खाली पडायचं. जंतू रक्तातून तिथं जाऊन बसले होते, डॉक्टर म्हणाल्या. ताप उतरला तरी सगळे मेले नव्हते, गोळ्या त्यांना पुरल्या नाहीत. झडप कुरतडली गेली आहे, रक्त पुढे जाण्याऐवजी मागे गळतंय, म्हणून दम. ठिपके त्याचेच. इंजेक्शनं आत्तापासून चालू, पण हा जंतू वाट बघत नाही, झडप बदलावी लागेल, आणि उद्याच. "नाही बदलली तर?" इबूंनी विचारलं. "तर आशा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि बदलली तर?" "तर आशा आहे. खात्री मी देणार नाही." बापाक पडद्याकडे बघत होते. ते म्हणाले, "फार बडबड करतं हो, गप्प म्हणून बसत नाही," आणि मग माझ्याकडे बघून, "पोरीवर गेलंय." कुणी हसलं नाही. मी हसायला हवं होतं असं मला रात्रभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली आली. येणारच. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की लोक भाड्याची गाडी करतात आणि लग्नाला निघाल्यासारखे नटून येतात. शस्त्रक्रियेच्या वेळेला अजून थोडा अवकाश होता, आत एकालाच सोडत होते, आत इबू होत्या, आणि बाहेर व्हरांड्यात संत्र्यांच्या पिशव्या, बिस्किटांचे डबे, चहाचे थर्मास, दोन रडणारी पोरं, आणि प्रत्येकाकडे एकेक हकिगत: कुणाच्या भावाला असंच झालं होतं आणि आता तो सायकल चालवतो, कुणाच्या मामाला असंच झालं होतं, त्याचं पुढचं कुणी सांगत नव्हतं. मला किंचाळावंसं वाटत होतं. वस्तीप्रमुखांच्या बायकोनं बुदेंच्या खांद्यावर हात ठेवला. बुदे पहाटेपासून भिंतीलगतच्या खुर्चीत पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. गल्लीत वारा कुणाचा कसा आहे हे विचारायला सगळे त्यांच्याकडेच येतात. त्या बाईची स्वतःची पाठ बुदेंनीच गेल्या महिन्यात खरवडली असेल. ती प्रेमानं म्हणाली, "काय हो मूर्ती, बसलेला वाराच ना? आमच्या ह्यांचाही असाच..."

"वारा नव्हता," बुदे म्हणाल्या.

वस्तीप्रमुखांच्या बायकोनं खांद्यावरचा हात काढला. एक पोरगंसुद्धा रडायचं थांबलं.

"मी रोज पाठ बघत होते," बुदे म्हणाल्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. "पाय बघितले नाहीत. हिनं बघितले. हिला विचारा काय आहे ते. माझ्या भावाला उघडून आत काय करणार आहेत, ते मलाही नीट कळलेलं नाही. सांग नोक. सावकाश सांग, सगळ्यांना कळू दे."

सगळे माझ्याकडे वळले. वस्तीप्रमुखांची बायको, नाक्यावरचा पेजवाला, बापाकांबरोबर लग्नांत वाजवणारे दोघे, त्यांच्या बायका. कुणी खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. एवढ्या माणसांनी माझ्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं, झेंड्याखालीसुद्धा नाही. तिथं निम्मी पोरं जांभया देत असतात. मी उभी राहिले. जंतू, रक्त, झडप, सगळं ओळीनं माझ्या जिभेवर तयार होतं, मला सगळं पाठ होतं. मी तोंड उघडलं, आणि वाटलं, आता कुणीतरी मला मधेच तोडावं, मला खोटं पाडावं. पोरींना काय कळतं म्हणावं, तुझं नेहमीचंच म्हणावं, चल बस खाली म्हणावं. मी एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. कुणीच काही म्हणालं नाही.